हौद्यातला फ्लेक्स

प्रिय आत्या,

जयभीम.

हे पत्र मी तुझ्या सीटवर बसून लिहितोय. नारायणगावच्या मार्केटात, शेडच्या बाहेर, लिंबाच्या सावलीला. मागं हौद्यात कोथिंबीर आहे, लिलावाला अजून वेळ आहे, आणि एक गोष्ट सांगायचीय जी तुझ्याशिवाय कुणाला सांगून मजा नाही. आज तुझ्या पिकपनं फाट्याचा चढ एका दमात काढला. एक गचका नाही की एक उचकी नाही. ऐकलंस का? ओली कोथिंबीर भरलेली असताना!

तुझा नंबर अजून माझ्या फोनमध्ये आहे, "आत्या पिकप" नावानं. चढ संपल्यावर हात खिशाकडं गेला होता, खरं सांगतो. मग आठवलं. म्हणून हा कागद. आडत्याकडून मागून घेतला. मला पत्राची सवय नाही. याआधीचं पत्र शाळेत लिहिलं होतं, मुख्याध्यापकांना, रजा मिळण्याबाबत. तेव्हाही कुठंतरी पळायचंच होतं.

तर, तू गेलीस आणि गाडी बिघडली.

हे मी म्हणत नाही हं, अख्खं पिंपरी पेंढार म्हणत होतं. तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पावणेरावळे गेले, मंडपवाल्यानं बांबू काढले. माझी बॅग भरलेली होती. माळशेजच्या त्या हॉटेलात परत जायचं होतं, मालकानं दोनदा फोन केलेला. चप्पल घालत होतो तर लताकाकू दारात. शेजारची लताकाकू, तुझी पाठीराखीण, बोलायला लागली की थांबत नाही ती. पण त्या दिवशी एकच वाक्य बोलली.

"सुम्या, कोथमीर उपटून ठिवलीय रं. कोन नेनार?"

आप्पा ओट्यावर बसले होते. तुझा भाऊ कसा आहे तुला माहीतच आहे, नको असलेलं काही कानावर पडलं की त्यांना ऐकू येत नाही. किल्ली खुंटीवर होती. मी म्हटलं, एक फेरी मारतो, उद्या जाईन माळशेजला.

आणि फाट्याच्या अलीकडच्या चढावर, अर्ध्यात, गाडी उचक्या द्यायला लागली. आधी एक हलका धक्का, जणू कुणी मागून टपली मारली. मग फट्, फट्, फट्. पाय पूर्ण दाबलेला आणि गाडी म्हणतेय, जमायचं नाही. समोर ती इंजिनाची पिवळी बत्ती लागली. मागं ट्रकवाल्यांचे हॉर्न. दुसऱ्या गिअरमध्ये रडतखडत वर आलो, आणि मार्केटात पोचेपर्यंत लिलाव अर्धा उरकलेला. लताकाकूच्या जुड्या शेवटी कुणीतरी उपकार केल्यासारख्या उचलल्या.

येताना? येताना रिकामी गाडी लोण्यासारखी. मला वाटलं मीच नीट चालवली नसेल.

दुसऱ्या दिवशी परत तेच. जाताना उचक्या, येताना शहाण्यासारखी.

मग बाळूमेस्त्रीकडं नेली. तुझा मानलेला भाऊ तो. त्यानं गाडी चालू केली, कान लावला, बॉनेट नसलेल्या गाडीचं सीट उचललं, आत डोकावला आणि म्हणाला, "काय मिसिंग न्हाई राव, एक उचकी देत न्हाई. ठणठणीत हाय."

"काल मारत व्हती."

"काल मारत व्हती, तर काल आणायची."

एकदा तर चढावर बंदच पडली. बाळूमेस्त्री मोटरसायकलवर आला, तोवर माल दुसऱ्याच्या टेम्पोत गेला होता. त्यानं प्लग काढले, नवे घातले, गाडी सुरू! आम्ही दोघांनी टाळ्या दिल्या, चहा पिला. पुढच्या कोथिंबिरीला पुन्हा फट् फट्. मग कॉइल बदलली. मग पेट्रोलची टाकी धुतली. मग फिल्टर. दर वेळी गॅरेजमधून निघताना गाणं म्हणत निघायची आणि जुड्या भरल्या की रडायची. शेवटी मेस्त्री हात पुसत म्हणाला, "सुमेध, इंजिन थकलंय. लोड घेत न्हाय. काम काढायला लागंल, न्हायतर इकून टाक."

आणि मग सुरू झालं ते तुला आवडलं नसतं. चावडीवर एक जण म्हणाला, गाडीला मालकीण लागते. दुसरा म्हणाला, बाईचा जीव अडकलाय गाडीत. लताकाकू म्हणाली, "दुखात हाय ती. आमी मान्सं रडून मोकळी झालो, ती कुठं रडनार?" आणि माझ्या नकळत तिनं मागच्या बंपरला लिंबू-मिरची बांधली. फाट्याच्या चढावर गाडीनं इतके गचके दिले की लिंबू तुटून मागच्या मोटरसायकलवाल्याच्या मांडीवर पडलं. तो अजून आम्हाला शोधतोय म्हणे.

मी तिला हसलो, पण आत्या, मलाही थोडं तसंच वाटायचं. चढ आला की मी गाडीशी बोलायचो. "चल गं, आत्यासाठी चल." कधी कधी तर वाटायचं तूच माझ्यावर रागावलीयस, मी उशिरा आलो म्हणून. त्या दिवशी तुझ्या छातीत कळ आली तेव्हा मी घाटात पर्यटकांना भजी वाढत होतो. आणि तू तरी! आदल्या दिवशी फोनवर अर्धा तास मला माझंच विचारत होतीस, जेवलास का, कपडे धुतोस का. दम लागतोय हे सांगायला काय झालं होतं तुला? कुणाला काही सांगायचंच नाही, ही कुठली पद्धत?

तुझं एक वाक्य मात्र रोज आठवायचं. बारावी अर्धी सोडून मी तुझ्याबरोबर फेऱ्या मारायचो, तेव्हा कॅनॉलच्या कडेला कुणाची तरी गाडी बंद पडलेली आणि तो माणूस चाकाखाली नारळ फोडत होता. तू थांबलीस, खाली उतरलीस, त्याच्या बॅटरीची ढिली वायर दाबलीस, गाडी चालू झाली. तो पाया पडायला लागला तर म्हणालीस, "जीव मानसाला असतो भाऊ. गाडीला वायर असती."

वायर असती. मी हे स्वतःला सांगत राहिलो. पण कुठली वायर? बाळूमेस्त्रीला सापडत नाही तिथं मी काय दिवे लावणार?

हो, मार्केटातला एक किस्सा पण आत्ताच ऐकला, सांगूनच टाकतो. आत्ता समोरच्या टेम्पोवाल्यानं विचारलं, "ती पिकपवाली बाई येत न्हाई का आता?" मी म्हटलं, ती माझी आत्या. तो म्हणाला, पहिल्या दिवशी त्यानंच तुला विचारलं होतं, "ड्रायव्हर कुठंय?" तू म्हणालीस, "मीच." तो म्हणाला, "न्हाय ताई, गाडीचा ड्रायव्हर." तू म्हणालीस, "आरं मग तू काय बैलाचा हायस का?" आजही सांगताना तो लाजला. तुझ्याबद्दल काय काय सांगतात गं लोक! असो. गाडी.

आप्पांनी ठरवलं, विकायची. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. थकलेलं इंजिन, रोजचं गॅरेज, आणि चालवणारा कोण, तर मी. "आज हाय, उद्या माळशेज, परवा नाशिक," असं ते माझ्यासमोरच एकाला म्हणाले. कळंबच्या एका पावण्याला छोटी पिकप हवी होती, त्याच्याशी बोलणं झालं.

मला आधी काही वाटलं नाही. गाडी गेली की मीही मोकळा. पण बायांना कळलं तशा त्या एकेक येऊन गेल्या. भांडायला नाही, नुसत्या. लताकाकू ओट्यावर बसली, पदरानं वारा घेत म्हणाली, "तो दुसरा टेम्पोवाला हाय ना, त्याला भरून माल लागतो. माझ्या चार वाफ्यांसाठी तो बांधावर येतोय व्हय? तुझी रंजीआत्या यायची. पाटाच्या कडंला हॉर्न वाजवायची अन् थांबायची." मग म्हणाली, "आता परत त्या बांधावरच्या व्यापाऱ्याला द्यायची. तो उपटायच्या आधीच भाव सांगतो अन् उपटल्यावर बदलतो."

तेव्हा माझ्या डोक्यात गेलं की तू नुसती गाडी चालवत नव्हतीस. ज्यांचे वाफे चार, त्यांनाही मार्केट दाखवत होतीस. ही फेरी बंद पडली तर त्या सगळ्या परत बांधावर. आणि बंद पडणार कशानं? एका फट् फट्नं? मला राग आला आत्या. गाडीचा नाही, त्या न सापडणाऱ्या बिघाडाचा. शाळेत गणित सुटलं नाही तर मी वही मिटून नदीवर जायचो. या वेळी मिटवायचं नाही असं ठरवलं. हॉटेलमालकाला फोन करून सांगितलं, दुसरा बघा.

पण आप्पा शब्द देऊन बसलेले. म्हणाले, "कळंबला घिऊन जा. पावणा ट्रायल घेनारे."

गेलो. रिकामी गाडी, नारायणगाव ओलांडलं, पुणे रस्त्यानं कळंबपर्यंत, मधेच एका गावाबाहेर बैलगाडा शर्यतीची तयारी चालली होती ती बघायला थांबलो. ओरडू नकोस! पाचच मिनिटं. बरं, थोडी जास्त.

पावणा पक्का निघाला. "रिकामी काय, कुनीबी पळंल. लोड टाकून बघू," म्हणाला आणि त्याच्या वखारीतून कांद्याच्या गोण्या हौद्यात रचायला लावल्या. इतक्या, की गाडी मागून दबली. मी मनात म्हटलं, झालं, आता इथंच इज्जत जाणार. त्यानं स्वतः गाडी घेतली, वाडीकडच्या टेकाडावर चढवली. आत्या, गाडी गेली! कुरकुर नाही. वर जाऊन तो पावणा हसतोय, "अहो मस्त हाय की! आप्पा तर म्हनत व्हते, लोड घेत न्हाय."

त्याला आनंद झाला आणि मी मात्र खुळ्यासारखा बघत बसलो. कांदा घेते. कोथिंबीर घेत नाही. कांद्याच्या एका गोणीच्या वजनात कोथिंबिरीच्या किती जुड्या बसतील? मग लोडचा काय संबंध? पावणा म्हणाला, रविवारी येऊन गाडी घेऊन जातो.

परत येताना डोकं चालत नव्हतं. नारायणगावच्या अलीकडं एका रसवंतीवर थांबलो. दोन ग्लास रस पिला. तिथल्या माणसाशी गप्पा लागल्या, त्याच्या उसात बिबट्यानं पिल्लं घातली होती, वनखात्याची माणसं येऊन गेली होती, तो मोबाईलवर फोटो दाखवत बसला आणि मी बघत बसलो. तू असतीस तर कान धरून गाडीत बसवलं असतंस. उठता उठता तो म्हणाला, "भाऊ, आळेफाट्याला चाललाय ना? माझ्या भावाची रसवंती हाय तिथं. त्याला बर्फाची एक लादी टाकता का?"

मी कधी कुणाला नाही म्हटलंय? बारदानात गुंडाळलेली लादी हौद्यात टाकली, केबिनला टेकवून. निघालो.

थोडं अंतर गेलो असेन. आणि फट्.

मी रेडिओ बंद केला. फट्, फट्. पिवळी बत्ती. रिकामी गाडी, सपाट रस्ता, ना चढ ना लोड. ना बाईचा जीव, ना दुःख! मागं फक्त एक लादी, आणि ती वितळत होती.

आत्या, मी गाडी कडेला घेतली आणि रस्त्यात एकटाच मोठ्यानं हसलो. पाणी! कांदा कोरडा असतो. आमची कोथिंबीर कधी कोरडी जाते का? भरताना प्रत्येक बाई बादलीनं पाणी मारते, वर आणखी एक तांब्या, सुकली तर भाव पडतो म्हणून. आणि ही उन्हाळ्याची काहिली, त्यामुळं यंदा तर डबल पाणी. गॅरेजात गाडी जायची ती वाळून खडखडीत झाल्यावर. मेस्त्रीला मिसिंग दिसणार कुठून?

अंगातला शर्ट काढून रस्त्यावर अंथरला आणि गाडीखाली शिरलो. हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यात पत्रा गंजून भोक पडलंय. त्यातून टप टप पाणी, बरोबर खाली इंजिनाकडं जाणाऱ्या वायरिंगच्या कपलरवर, जिथं सगळ्या वायरी एकमेकांत खोचलेल्या असतात. कपलरचं रबर फाटलेलं. आत हिरवट गंज. पाणी पडलं की करंट तुटायचा, वाळलं की परत जुळायचा. एवढंच. एवढुसं भोक!

लादी मात्र अर्धी पोचली. रसवंतीवाल्याचा भाऊ म्हणाला, "बर्फ आनला का नुसतं बारदान?" मी त्याला मिठीच मारली. तो घाबरला.

बाळूमेस्त्रीकडं गेलो तर त्यानं खाली वाकून बघितलं आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला. "आयला, कोथमीर भरून आनायला पायजे व्हती व्हय!" कपलर नवा टाकला, वायरीला नळी चढवली, भोकावर पत्र्याचा तुकडा मारून दिला. मग विचारात पडला. "पन सुमेध, भोक जुनं हाय. कडा बघ की, किती वर्सांचा गंज हाय. मंग तुझ्या आत्याच्या टायमाला कशी मारत नव्हती मिसिंग? तीबी वली कोथमीरच न्यायची ना?"

हा प्रश्न घेऊन मी घरी आलो. हौद्यात चढून उभा राहिलो आणि बघत राहिलो. काहीतरी नव्हतं इथं. काहीतरी असायचं.

फ्लेक्स!

आठवतोय ना? भावी सरपंचांचा वाढदिवसाचा फ्लेक्स. तेव्हा मी त्यांच्या पोरांच्यात फिरायचो. वर भावी सरपंच, हात जोडून, आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगा. खालच्या कोपऱ्यात मी, गॉगल घालून, कानाला मोबाईल लावून, कुणाशी बोलतोय कुणास ठाऊक. वाढदिवस झाला, वाऱ्यानं फ्लेक्स फाट्यावर लोंबायला लागला, आणि तू तो काढून आणलास. हौद्यात अंथरलास. मी चिडलो होतो, "आत्या, माझं तोंड हाय त्यावर!"

तू टायर तपासत होतीस. मान पण वर केली नाहीस. "बरं झालं की. निदान हितं तरी एका जागी पडून ऱ्हाशील."

मला लागलं होतं ते. त्याच आठवड्यात मी नाशिकला गेलो.

आप्पांना विचारलं, फ्लेक्स कुठंय? त्यांना आठवेना. लताकाकूला विचारलं तर ती ताडकन म्हणाली, "रंजीच्या जेवनाच्या टायमाला भातावर झाकायला काढला व्हता की! मंग मी वैरनीवर टाकला." म्हणजे तुझ्या पुण्यानुमोदनाच्या पंक्तीसाठी निघालेला फ्लेक्स परत हौद्यात कुणी टाकलाच नाही. आणि त्याच्या दुसऱ्या दिवसापासून गाडी रडायला लागली. तुझ्यासाठी नाही गं. त्या फ्लेक्ससाठी!

लताकाकूच्या गोठ्यामागं गेलो. वैरणीच्या गंजीवर भावी सरपंच पसरले होते. ती मागून म्हणाली, "ने बाबा ने. माझ्या म्हशी तुझा गॉगल बघून वैरन खाईनात."

फ्लेक्स जमिनीवर पसरला. भावी सरपंच उन्हानं पांढरे पडलेत, निम्मे शुभेच्छुक फाटलेत. कोपऱ्यात मी मात्र आहे. आणि आत्या, माझ्या कपाळावर एक गोल तांबडा डाग आहे, खालून उमटलेला, गंजाचा. हाताच्या बोटांनी मोजला आणि जाऊन हौद्यातलं भोक मोजलं. तेवढाच.

इतकी वर्षं मी नाशिक, माळशेज, कुठं कुठं फिरलो आणि इथं त्या भोकावर माझं डोकं ठेवून तू बायांची कोथिंबीर मार्केटला नेत होतीस! तुला ठाऊक होतं का? भोक तर तुला दिसलंच असणार, तुझ्या नजरेतून काय सुटायचं? मग तो कोपरा मुद्दाम तिथं आणलास, की फ्लेक्स पडला तसा पडला? आणि ठाऊक होतं तर सांगायचं ना कुणाला! एक वाक्य! "फ्लेक्स काढू नका रे." किती धक्के खाल्ले आम्ही.

म्हैस येऊन माझ्या मानेला जीभ लावून गेली, तेव्हा उठलो.

आप्पांना सगळं सांगितलं. बर्फ, भोक, कपलर, डाग. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गाडी दुरुस्त झाली. तू झालास का?"

मी म्हटलं, "उद्या बसा माझ्याबरोबर. वली कोथमीर भरून जाऊ. चढावर एक जरी गचका बसला तर रविवारी पावण्याला मीच किल्ली देतो."

तर आज आप्पा शेजारी बसले. तुझ्या गाडीत ते कधी बसले होते का गं? मला नाही आठवत. बाई गाडी चालवते म्हणून सुरुवातीला तुझ्याशी बोलत नव्हते, आणि नंतर बोलायला लागले तरी बसायचं राहूनच गेलं असणार. लताकाकूच्या पाटाला मी हॉर्न वाजवला, तुझ्यासारखा, दोनदा लहान आणि एकदा लांब. ती जुड्यांचा ढीग घेऊन उभीच होती. फ्लेक्स अंथरला, भोक बुजलंय तरी. कोपरा कोपऱ्याला. तिनं बघितलं, माझ्या छापील तोंडावर पहिली जुडी ठेवली आणि वरनं अख्खी बादली ओतली. "घे अंगुळ कर," म्हणाली.

पुढच्या बांधावर दुसरी, पुढं तिसरी. सगळ्यांनी पाणी मारलं. मी म्हटलं, मारा, अजून मारा!

फाट्याचा चढ आला तेव्हा आप्पांनी एक हात डॅशबोर्डवर ठेवला. मी गाडीशी बोललो नाही आज. नुसतं ऐकलं. तू शिकवलं होतंस, आधी गाडीचं ऐक, लोकांचं नंतर. तिसरा गिअर, दुसरा, मग पाय तसाच धरला. इंजिनाचा एकसारखा आवाज, वर, वर, वर, आणि समोर एकदम मोकळं आभाळ. पिवळी बत्ती विझलेलीच.

मार्केटात आल्यावर आप्पा खाली उतरले, गाडीला एक फेरा मारला, मागं जाऊन कोथिंबिरीखाली हात घालून फ्लेक्स चाचपला. मग खिशातून फोन काढला.

"हां, पावणं, जयभीम. आप्पा बोलतोय. न्हाई, रविवारी येऊ नका. गाडी द्यायची न्हाई... न्हाई न्हाई, पैशाचा इषय न्हाई. चालवनारं मानूस घरात हाय."

मी दुसरीकडं बघत होतो. डोळ्यात काहीतरी गेलं होतं, मार्केटात धूळ असतेच. फोन ठेवून ते माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "म्हंजी, सध्या हाय."

आणि चहा प्यायला गेले.

सध्या! बघ तुझा भाऊ. पण खोटं काय बोलले? मला मीही ओळखतो. उद्या कुणी म्हणालं, चल कोकणात आंबे भरायला, तर पाय शिवशिवतील. म्हणून हे कागदावर लिहून ठेवतोय आत्या, तुझ्याजवळ, कारण तू कुणाला काही सांगत नाहीस.

टोमॅटो येतील, क्रेट भरू. पाऊस लागेल, मेथी महागेल, पाटाच्या कडेला चिखल होईल, तरी मी हॉर्न वाजवीन. ज्यांचे वाफे चार, त्यांच्यासाठीही थांबेन. भटकायचं झालं तर भटकेन, रसवंतीवर थांबेन, बैलगाडे बघेन, बिबट्याच्या पिल्लांचे फोटोही बघेन, पण रिकामी गाडी असताना आणि संध्याकाळी घरी यायच्या बोलीवर. मिसिंग मारली तर वायर शोधेन, लिंबू नाही. आणि आप्पांच्या तोंडून ते "सध्या" काढल्याशिवाय किल्ली कुणाच्या हातात देणार नाही.

लिलावाची हाळी झाली. आप्पा चहाचा ग्लास हातात घेऊन बोलावतायत, माझ्यासाठी पण आणलाय. जुड्या उतरवायच्यात. फ्लेक्स शेवटी घडी घालीन. कोपरा ओला असेल, तो पुसून घेतो.

तुझ्या हौद्यात एका जागी पडून असलेला,
सुम्या